उंबराखालची बाटली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. लोणावळ्याला नेमणुकीस होतो. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना औंढ्याकडच्या एका वस्तीवरून पोलीस पाटलाचा फोन आला. "सायेब, लगोलग या. म्हातारीला गावाभाईर काढत्यात!"

म्हातारी म्हणजे एकटी राहणारी विधवा. रोज उंबराला पाणी घालायची, एवढाच तिचा गुन्हा. त्या उंबराच्या मुळाशी कुत्र्यानं एक बाटली उकरली. तोंडाला काळं मेण, आत मीठ, खिळे आणि कसल्याशा वेड्यावाकड्या लिपीत लिहिलेला कागद. त्याच आठवड्यात कुणाची तरी म्हैस मेली. झालं! देवऋषीनं कागद 'वाचला' आणि त्यात म्हातारीचं नाव सांगितलं. आठ दिवस तिला नळावर पाणी भरू देत नव्हते.

आता माझा शहाणपणा ऐका. पंचनामा उरकून मी पहिला प्रश्न तिलाच केला, "मावशी, खरं सांगा, हे तुम्ही पुरलंत का?"

ती पाठ फिरवून घरात गेली.

मग देवऋषीला ठाण्यात बसवलं. तो छातीठोकपणे म्हणाला, "सायेब, ही इद्या समद्यांला वाचता येत न्हाई." मी कोऱ्या कागदावर मनाला येतील तशा रेघोट्या ओढून पुढे सरकवल्या. "मग हेही वाच." गड्यानं डोळे मिटले, पुटपुटला आणि त्यातही तिचंच नाव वाचलं! कपाळावर हात मारून घेतला मी. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल केला.

पण बाटली कुणाची? मुद्देमालाला चिठ्ठी डकवताना हवालदारानं ती उलटी केली. तळाला मुंबईच्या दुकानाचं किमतीचं स्टिकर. बाटली परदेशी ऑलिव्हची! अख्ख्या गावानं ती हाताळली होती, मीसुद्धा. तळ कुणी पाहिला नव्हता. जवळच्या भाड्याच्या बंगल्याच्या रखवालदारानं बाटली तिथं उतरलेल्या एका पाहुणीची म्हणून ओळखली, रजिस्टरात तिचा नंबर सापडला.

रविवारी ती आली. नोकरी करणारी, शिकलेली मुलगी. "काका, इंटरनेटवर बघून केलं. निगेटिव्ह एनर्जी जावी म्हणून." मी म्हटलं, "बाई गं, तुझी एनर्जी गेली ती एका म्हातारीच्या दारात!"

चावडीवर सगळ्यांसमोर तिला कागद वाचायला लावला. मोबाईलमधल्या तक्त्यावरून तिनं एकेक खूण लावली. साधी इंग्रजी अक्षरं, फक्त आकार निराळे. लग्न मोडलं होतं तिचं. कागदावर एवढंच होतं: मला शांत झोप लागू दे.

म्हातारीच पुढे झाली. "मग लागली का गं पोरी झोप? मला तर आठ दिस डोळ्याला डोळा न्हाई." मुलगी तिच्या पायाशी बसून रडू लागली.

पुढच्या प्रत्येक तपासात मी वस्तू आधी उलटीपालटी करून पाहिली, माणसाला नंतर विचारलं. मावशीची माफीही मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. पर तुमची गाडी आली तवा मला वाटलं हुतं, आता कुनीतरी माज्या बाजूचं आलं."