मुलीकडचे पाहुणे

कैलाश कापगते घर शोधत होता, आणि वर्ष उलटून गेलं तरी शोधतच होता. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या चहाच्या टपरीवर त्याच्या या शोधाची रोजची करमणूक होऊन बसली होती. "क्या कापगतेजी, महल मिला?" असं कोणीतरी विचारायचं, आणि कैलाशही हसून "बन रहा है" म्हणायचा. हसू त्याला येत नसे, पण टपरीवर बसायचं तर एवढं करावं लागतं.

अर्धं आयुष्य त्याने गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये काढलं होतं. हमाल म्हणून लागला, मग तोलाईवर गेला, शेवटी सुपरवायझर झाला. प्रत्येक बढतीबरोबर कोंड्याची धूळही त्याच्या छातीत वरवर चढत गेली. आता एक जिना चढायचा तर त्याला मध्ये थांबून मोबाइल पाहिल्याचं सोंग करावं लागे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर पुढे औषधंही ऐकायची नाहीत. तेव्हा त्याने मिल सोडली, घर बांधायला म्हणून कुडव्यात घेतलेला प्लॉट विकला आणि बायकोला म्हणाला, "चाल, आता खेड्यात राहू."

कैलाश जातीचा कोहळी. ज्यांच्या पूर्वजांनी या मुलखात गावोगाव तलाव बांधले, त्यांच्यातला. पण वाटण्या होता होता त्याच्या वाट्याला तलाव सोडाच, चार रोपं लावावीत एवढी धानाची बांधीही उरली नव्हती. त्याची मागणी काही फार नव्हती. कवेलूचं, कौलारू छोटं घर, मागे भाजीपाल्याला जागा, जवळ पाणी आणि छातीत शिट्टी वाजणार नाही अशी हवा. बायको मंजूला तेवढं मोठं अंगण हवं होतं, कारण मुलगी निशा नागपूरला नर्सिंग शिकत होती आणि सुट्टीत आली की तिला भाड्याच्या दोन खोल्यांत कोंडल्यासारखं होई. "बाबा, यंदा तरी घ्या," असं ती दर फोनवर म्हणायची.

पण घर काही मिळेना. देवरीकडचं एक पसंत पडलं, तर समोरच्या हायवेवरचे ट्रक रात्रभर डोक्यावरून गेल्यासारखे वाटले. दुसऱ्याला वारसच इतके निघाले की सह्या गोळा करण्यात कैलाश म्हातारा झाला असता. तिसऱ्या घराचा मालक घर दाखवायचा आणि भाव मात्र बंगल्याचा सांगायचा. अशात मिलमधल्या जुन्या ओळखीतून भूपेंद्र गहाणेचा नंबर मिळाला. हा भूपेंद्र देवरीला मोबाइलचं दुकान चालवायचा. त्याचं वडिलोपार्जित घर केशोरीच्या अलीकडे एका लहान गावात, तलावाच्या अगदी पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली होतं. त्याने फोटो पाठवले आणि कैलाशने ते इतक्या वेळा पाहिले, की मंजू म्हणाली, "पाहून पाहून घासून टाकसान."

माघातल्या एका सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाले. धान केव्हाच घरात गेला होता आणि बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार उभी होती. भूपेंद्र गावाबाहेर पाळीवरच वाट पाहत थांबला होता. त्याने हात जोडले, रस्त्याची चौकशी केली आणि मग घसा खाकरून म्हणाला, "एक गोष्ट सांगाची राहिली भाऊ. घर विकून राहिलो हे आईले मालूम नाई."

"मंग आमाले कायले बोलावलं?" मंजूने विचारलं.

"घर माह्याच नावानं आहे. आईले मी देवरीले नेणारच आहो. रजिस्ट्री झाली का आरामात सांगीन. आज तुमी फक्त पाहून घ्या." तो जरा थांबला. "मी तिले सांगितलं, पीयूषसाठी मुलीकडचे येऊन राहिले."

पीयूष म्हणजे भूपेंद्रचा मुलगा, पुण्याला नोकरीला होता, आणि बापाने आपल्या नावावर काय रचलंय याचा त्याला पत्ताही नव्हता. खोटं मात्र भूपेंद्र पठ्ठ्याने बेमालूम शोधलं होतं. या भागात मुलगी द्यायची तर आधी मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला येतात. ती खोल्या फिरतात, धान साठवायच्या ढोलीत डोकावतात, विहीर पाहतात, कोणत्या तलावाचं पाणी बांधीला येतं ते विचारतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट न विचारणारा बाप बेफिकीर ठरतो. घर विकत घेणारा जे जे पाहतो ते सगळं सोयरिकीच्या नावाखाली पाहता येणार होतं.

"चला वापस," मंजू म्हणाली.

कैलाशलाही तेच म्हणायचं होतं. पण पाळीवरून खाली त्याला ते घर दिसत होतं. सारवलेलं अंगण, समोरची पडवीसारखी लांब सपरी, मागे वांग्या-मिरच्यांची सांदवाडी, आणि तलावावरून येणारा असा वारा की त्याने दोन श्वास पोटभर घेतले आणि एकदाही खोकला आला नाही. तो मंजूकडे न पाहता म्हणाला, "एवढ्या दूर आलो. पाहाले काय जाते?"

पाहायला काय जातं, ते त्याला पुढच्या दोन-तीन तासांत कळणार होतं.

धुरपताबाई अंगणातच उभ्या होत्या. भूपेंद्रची आई, सत्तरीच्या पुढची, काटक, धुतलेलं लुगडं नेसून तयार. त्यांनी पाय धुवायला पाणी ठेवलं होतं, आणि कैलाश वाकला तर त्याच्या हातून लोटा काढून घेत म्हणाल्या, "पोरीचा बाप तुमी. तुमचा मान आहे." आणि त्यांनी स्वतः त्याच्या पायांवर पाणी घातलं. आपल्या आईच्या वयाच्या बाईकडून पाय धुवून घेताना कैलाशला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण भूपेंद्र शेजारीच उभा होता, आणि समोर दार उघडं होतं. कैलाश आत गेला.

घर फोटोपेक्षा चांगलं निघालं. म्हातारी एकेक खोली उघडून दाखवत होती, आणि कैलाश मनातल्या मनात आपलं सामान लावत होता. इथे पलंग, इथे निशाचं टेबल, या खुंटीवर आपला सदरा. मंजू तोंडाला कुलूप लावून मागे मागे चालत होती. धुरपताबाईंना वाटलं, मुलीची आई आहे, बोलायला बुजते.

"ही खोली माही," त्या म्हणाल्या. "नातसून आली का तिले देईन. मी सपरीत निजीन. भूपेंद्र म्हणते देवरीले चाल, पण मी नाई जात. माहा मालक याच खोलीत गेला, मीबी इथूनच जाईन."

भूपेंद्र छताकडे पाहत होता. कैलाशही पाहू लागला.

मग त्या त्याला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ, पोरीच्या बापाले फसवू नये. ही भिंत पावसाळ्यात ओल धरते. आन् हिरीचं पाणी वैशाखात तळाले जाते, मंग थोडं दुरून आणा लागते. माहा पोरगाबी गोड बोलते, पण पुरं कधी सांगत नाई. नातू तसा नाई. उद्या तुमची पोरगी या घरात रडली का मले पाप लागीन, म्हणून आजच सांगून ठेवलं."

आता इथे कैलाशच्या मनात जे आलं, ते त्याने पुढे कित्येक दिवस कोणालाच, मंजूलाही सांगितलं नाही. त्याच्या मनात आलं, की ओल आहे, विहीर आटते, म्हणजे भाव खाली आणता येईल. म्हातारी आपल्या घराची लाज त्याच्यापुढे उघडी करत होती आणि तो तिचा सौदा मांडत होता. विचार आला आणि पाठोपाठ त्याचे कान तापले. मिलमध्ये गरीब शेतकऱ्याच्या धानात ओलावा दाखवून भाव पाडणारे व्यापारी त्याने जन्मभर पाहिले होते आणि त्यांना मनापासून शिव्या दिल्या होत्या. आज आपण त्यांच्यातच जाऊन बसलो, हे त्याला लख्ख दिसलं.

तरीही तो मुलीचा बाप म्हणूनच जेवायला बसला. वडे होते, कढी होती, सांदवाडीतल्या वांग्यांची भाजी होती. धुरपताबाई आग्रह करकरून वाढत होत्या. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "पोरीचा फोटू नाई आणला का? आजकाल सगळ्यायच्या मोबाइलात राह्यते."

भूपेंद्रने कैलाशकडे पाहिलं. मंजूनेही पाहिलं. मंजूच्या नजरेत तर चक्क धमकी होती. नाही आणला म्हटलं असतं तर भागलं असतं, पुढच्या वेळी आणतो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खोट्याला धक्का लागू नये म्हणून माणूस किती खाली उतरतो याचा काही नेम नसतो. कैलाशने उष्ट्या हाताने खिसा चाचपला, डाव्या हाताने मोबाइल काढला आणि निशाचा फोटो दाखवला. पांढऱ्या गणवेशातला, हसरा, मागच्याच महिन्यात तिने बापासाठी म्हणून पाठवलेला.

म्हातारीने मोबाइल दोन्ही हातांत धरला. पदराने पुसला. मग फोटोवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माय वो, काय गोड लेकरू आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मंजू जेवणावरून उठली ती परसात जाऊन हात धूत राहिली. बराच वेळ धूत राहिली.

निघायची वेळ झाली तशी धुरपताबाईंनी शेजारच्या सुलोचनाबाईंना हाक मारली. स्वतः विधवा, म्हणून मुलीच्या आईला कुंकू लावायला सवाष्ण हवी होती. सुलोचनाबाई लगबगीने आल्या. ताटात नारळ, तांदूळ, खण आणि घडी न मोडलेलं एक हिरवं लुगडं. "माह्या नातसुनेच्या मायसाठी ठेवलं होतं," धुरपताबाई म्हणाल्या. "पसंत-नापसंत तुमी मंग कळवा. पण माह्या दारातून पोरीची माय रिकाम्या ओटीनं जाणार नाई."

सुलोचनाबाईंनी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि मंजू मागे सरकली. "नको," ती म्हणाली. "मले नको लावू."

ओटी नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं, आणि तेही तोंडावर. धुरपताबाईंचा चेहरा उतरला. त्या कैलाशकडे वळून विचारू लागल्या, "काऊन? घर नाई पसंत पडलं? थे भिंतीचं मी सांगितलं म्हणून का?"

हे मात्र कैलाशला सहन झालं नाही. खरं बोलली म्हणून आपलं चुकलं, असं त्या माउलीला वाटत होतं.

"घर पसंत पडलं, माय," तो म्हणाला. "घर लय पसंत पडलं. आमी सोयरिकीले नाई आलो. घर इकत घ्याले आलो. भूपेंद्रभाऊ इकून राहिले."

भूपेंद्रने मोबाइल कानाला लावला आणि "हां, हां, बोला" म्हणत फाटकाबाहेर निघून गेला. फोन काही आलेला नव्हता. सुलोचनाबाई ताट तसंच हातात धरून उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावात घरोघर पोचणार हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

कैलाशला वाटलं, आता म्हातारी शिव्या देईल, रडेल, छाती पिटून घेईल. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण धुरपताबाई सपरीच्या पायरीवर बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "घराचं मी माह्या पोराले इचारीन. थो माह्या पोटचा आहे, त्याचं मी पाहीन. तू मले एक सांग. थे फोटूतली पोरगी कोनाची?"

"माहीच आहे, माय."

"खरंच तुही?"

"हो."

"मंग तिले कायले मधात घातलं?"

घर हवं होतं म्हणून, हवा हवी होती म्हणून, तुझ्या पोराने सांगितलं म्हणून, असं कैलाशला बरंच काही म्हणता आलं असतं. त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याने वाकून धुरपताबाईंच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, तर त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

परतीच्या वाटेवर मंजू गाडीवर जरा मागे सरकून बसली. नवेगाव मागे पडलं, जंगल मागे पडलं. कोहमाऱ्याच्या चौकात कैलाशने चहासाठी गाडी थांबवली, तशी ती उतरून लांबच्या बाकावर जाऊन बसली. एवढ्यात त्याचा फोन वाजला. निशा होती. आज घर पाहायला गेलेत हे तिला माहीत होतं. पसंत पडलं का, हेच तिला विचारायचं असणार.

कैलाशने फोन मंजूपुढे धरला. मंजूने हातही पुढे केला नाही. "तूच बोल," ती म्हणाली. "सांग तिले, तुहा फोटू पसंत पडला म्हणून."

तो फोन हातात धरून उभा राहिला. पडद्यावर तोच फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला. वाजून वाजून फोन बंद झाला, पुन्हा वाजू लागला, आणि कैलाशला तो उचलता आला नाही.