जांभळं हेल्मेट

मी पुण्याची. लग्न झालं तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आणि त्यानंतरची एकोणतीस वर्षं बंगळुरात गेली. तरी कुणी विचारलं तर तोंडातून आधी पुणंच बाहेर पडतं. पुण्याचं जे काही माझ्यात उरलंय त्यातल्या दोन गोष्टी काही केल्या जात नाहीत. एक म्हणजे हेल्मेटचा राग. माहेरी हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की वडील हातातला घास ताटात ठेवून बोलायचे. डोकं आमचं, त्यावर काय घालायचं ते आम्ही बघू, असा घराचा एकूण सूर होता. दुसरी गोष्ट जीभ. समोरच्याला एका वाक्यात गप्प करता आलं की मला अजूनही बरं वाटतं.

नवरा मराठीच, पण बंगळुरातला. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले असं घरात सांगतात. त्यांच्या मराठीत अक्का, अण्णा, स्वल्प, सरी हे सगळं मिसळलेलं आहे आणि आवाज कुणी चढवत नाही. मी त्याला अरे-तुरे करते हे त्याच्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्कांना, पहिली दोन वर्षं पचलं नव्हतं. या लोकांना टोमणा कळतो, पण तो टाकून द्यायचा असतो हे कळत नाही. ते तो मनात ठेवतात आणि त्याप्रमाणे वागतात. हे मला फार उशिरा समजलं.

पीण्याला, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, त्याची एक शेड आहे. चार लेथ, दोन ड्रिलिंग मशीन, बुश आणि पिना बनवतात. त्याचं नाक हा शेडमधल्या कामगारांच्या थट्टेचा विषय होता. दारातून आत येताच तो सांगायचा, तिसऱ्या मशीनचं कूलंट नासलंय, बदला. किंवा, कोपऱ्यातली मोटर तापतेय, बंद करा आधी. घरीही तेच. मी आईच्या पद्धतीने घरी माक्याचं तेल कढवते आणि तेच वर्षानुवर्षं केसांना लावते. त्या वासाबद्दल त्याची कायमची तक्रार. रोपवाटिकेत झोपल्यासारखं वाटतं म्हणायचा आणि कूस बदलायचा.

चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्का आणि त्यांच्या तीन-चार मैत्रिणी आमच्याकडे आल्या होत्या. तेवढ्यात हा शेडवरून परतला, आणि दारातच उभा राहिला. डोक्यावर नवंकोरं, हनुवटीपर्यंत सगळं झाकणारं, पिवळंधमक हेल्मेट. दुकानात अर्धा तास घालवून, डोक्याचं माप घेऊन त्याने ते निवडलं होतं. काच वर करून त्याने विचारलं, "कसं दिसतंय?"

"छान," मी म्हणाले. "किती शिट्ट्यांनी उतरवायचं?"

बायका इतक्या हसल्या की अक्कांच्या हातातला तिळगूळ खाली पडला. तोही हसला. मला माझ्या वाक्याचा भारी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पाहुण्या गेल्यावर मी ते फोनवरून बहिणीलाही ऐकवलं.

दोन दिवसांनी पिवळं हेल्मेट गेलं आणि त्या जागी या गावात घरोघरी असते ती अर्धी टोपी आली. कानाच्या वरच संपणारी, वाटीसारखी. ती डोक्यासाठी नसते, चौकातल्या पोलिसासाठी असते. काळी होती, सुटसुटीत होती. मी मान डोलावली. "हे बरं दिसतंय," मी म्हणाले.

मार्चमध्ये पीण्यातल्याच एका गल्लीत तो पडला. रातोरात कुणीतरी गतिरोधक घातला होता, त्याला पट्टे मारलेले नव्हते. स्कूटरचा वेग इतका कमी होता की पुढे ते सांगताना त्यालाच लाज वाटायची. टोपी आधी उडाली, मग तो पडला, आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. तीन दिवस हॉस्पिटल. स्कॅन स्वच्छ आला. आपण सुटलो, असं म्हणून मी सोसायटीत पेढे वाटले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आमटीला फोडणी दिली. हिंग जरा जास्तच पडला होता, मला स्वतःला ठसका लागला. हा ओट्यापासून चार हातांवर टेबलाशी बसला होता. म्हणाला, "आज हिंग संपलाय का गं?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोक्याला मागून हिसका बसला की नाकाच्या वर असलेल्या वासाच्या बारीक नसा तुटू शकतात. वर्षभरात परत जुळल्या तर जुळल्या. त्या जुळल्या नाहीत. हा बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना हळूच विचारलं, पूर्ण हेल्मेट असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला 'नाही' चाललं असतं, 'हो'सुद्धा कसंबसं पेललं असतं. या उत्तराचं काय करायचं ते मला कळलं नाही.

त्याने तक्रार केली नाही. शेडमधल्या मोटरींना तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, घरात गॅसचा अलार्म लावला. फक्त एक सवय लागली. काही नवं घरात आलं, पुस्तक, साबण, आंब्याची पेटी, की तो ते माझ्यासमोर धरतो आणि म्हणतो, "वास सांग." मग मी सांगते. पहिल्यांदा मला 'छान' आणि 'घाण' यापलीकडे जाता येत नव्हतं. हळूहळू जमायला लागलं. हापूस आहे, पण देठाशी अजून कच्च्या कैरीचा येतोय. पुस्तकाला खळ आणि धूळ. साबणाला लहानपणीच्या पावडरच्या डब्याचा. तो डोळे मिटून ऐकतो. एका वाक्यात माणसं गप्प करणारी मी, आता एका वासाला पाच-पाच वाक्यं वापरते.

त्या संक्रांतीच्या वाक्याबद्दल मात्र आम्ही कधीच बोललो नाही. त्याने काढलं नाही आणि मला धीर झाला नाही. माफी मागायची तर आधी ते वाक्य पुन्हा उच्चारायला हवं, आणि तेच मला नको होतं. आमच्याकडे रोज सकाळी कुकर लागतो. पहिली शिट्टी झाली की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरातून बाहेर जायची. चार वर्षं.

मुलगी इथेच, कोरमंगलात, मैत्रिणींबरोबर राहते. यंदा त्यांचा गुलमर्गला जाऊन आठवडाभर स्कीइंग शिकायचा बेत ठरला. "आई, अप्पा, तुम्हीपण चला, तुमच्या वयाचेसुद्धा शिकतात," असं ती बोलायचं म्हणून बोलली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर हा म्हणाला, "सरी. जाऊया."

एकोणसाठ वर्षांचा माणूस, बर्फ पाहिला असेल तर फ्रीजमधला.

"बर्फाला वास नसतो ना?" तो म्हणाला. "तिथे तुम्ही सगळे माझ्यासारखेच."

मी उठून गॅलरीत गेले, वाळत घातलेले कपडे उगाच उलटेपालटे केले. मग येऊन म्हणाले, मीही येते.

डॉक्टरांनी परवानगी दिली. सोप्या उतारावरच, आणि डोक्यावर नीट बसणारं हेल्मेट असेल तरच. मुलगी म्हणाली तिथे भाड्याने मिळतात. हा म्हणाला, दुसऱ्याच्या डोक्याला बसलेलं मला नको. तेव्हा एका रविवारी आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलो. बाहेर मार्च रणरणत होता आणि आत एका कोपऱ्यात बर्फाचे बूट, जाड हातमोजे आणि हेल्मेटांचं कपाट. लोक अर्ध्या चड्डीत बॅडमिंटनच्या रॅकेटी बघत आमच्याकडेही बघत होते. इतक्या उशिरा ही माल विकून संपवायची वेळ होती, फार पर्याय नव्हते.

त्याचं काम दहा मिनिटांत झालं. फिट म्हणजे काय ते त्याला शिकवायला नको. टेपने भुवयांच्या वरून माप घेतलं, हेल्मेट चढवलं, पट्टा न लावता मान खाली घातली, डावीउजवीकडे हलवली. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट हललं तर ते मोठं, असं विक्रेती मुलगी सांगत होती आणि हा तिच्याकडे सहकाऱ्याकडे बघावं तसं बघत होता. "बेअरिंग बसवतो तसंच," तो मला म्हणाला. "हातोडा लागता कामा नये आणि बोटाने निघता कामा नये." त्याला बसलं ते फिक्कट नारिंगी होतं. त्याने आरशात पाहिलंसुद्धा नाही. मग माझ्याकडे वळला, आणि तोंड उघडून मिटलं. कसं दिसतंय, हे त्याने विचारलं नाही.

ते न विचारणं मला ऐकू आलं.

माझी पाळी आली. आधी अंबाडा आडवा आला. विक्रेती म्हणाली, "आंटी, केस सोडावे लागतील." भर दुकानात, पंख्याखाली, चोपन्नाव्या वर्षी मी आकडे काढून दातांत धरले, केस सोडले आणि मानेशी सैल वेणी घातली. माझं डोकं लहान निघालं. मोठ्यांच्या मापातलं सगळ्यात छोटं हेल्मेट करड्या रंगाचं, गुळगुळीत, फार देखणं होतं. मी ते घातलं. आरशात एक बरी बाई दिसली. मुलीच्या मैत्रिणींमध्ये उभी राहिली असती तर शोभली असती.

नवऱ्याने दोन्ही हातांनी ते धरून हलवलं. हेल्मेट फिरलं, मी तिथेच राहिले.

"हालतंय," तो म्हणाला.

"त्यापेक्षा लहान मुलांच्या मापात आहे मॅडम," विक्रेतीने कपाटाच्या खालच्या खणातून एक काढलं. जांभळं. दोन्ही बाजूंना पांढरी अस्वलं, आणि मागे पुन्हा एक, पाठमोरं. मी ते डोक्यावर घेतलं. ते असं बसलं की कुणीतरी दोन्ही तळव्यांत डोकं धरावं. मान हलवली तर अस्वलंही माझ्याबरोबर हलली. शेजारच्या रांगेत एक सात-आठ वर्षांची मुलगी आईचा हात ओढून म्हणाली, "अम्मा, नोडू!" तिची आई दुसरीकडे बघून हसली.

मी ते काढलं आणि करडं उचललं. "आत टोपी घातली की हे घट्ट होईल," मी म्हणाले. "हेच घेऊ. हे बरं दिसतंय."

म्हणाले, आणि माझ्याच कानांवर ते पडलं. तेच तीन शब्द, त्याच सुरात. नवरा नारिंगी हेल्मेट काखेत धरून उभा होता, मी म्हणेन तसं करायला तयार. चार वर्षांपूर्वीही तो असाच तयार असणार.

"तुझ्या त्या पिवळ्या हेल्मेटला मी हसले होते," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. शिट्ट्या किती म्हणाले. म्हणून तू ते परत केलंस."

छे गं, काहीतरीच काय, असं तो म्हणेल अशी माझी खात्री होती. तशी तयारीही होती माझी.

"हो," तो म्हणाला.

मला ते लागलं. खूप लागलं. आणि खरं सांगते, चार वर्षांत पहिल्यांदा हलकंही वाटलं. विक्रेती शहाणी होती, हातमोज्यांच्या घड्या घालायला पलीकडे गेली.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "फार चुकलं रे."

तो जरा वेळ नारिंगी हेल्मेटाचा पट्टा उघडत-लावत राहिला. "हसलीस तू," तो म्हणाला. "पण बदलायला मी गेलो होतो. दुकानदार म्हणत होता, बेडा अण्णा, नका बदलू, हेच असू द्या. शेडमध्ये पोरांना मी रोज ओरडतो, गॉगल घाला, कसे दिसता ते बघू नका. आणि स्वतः बघत बसलो." मग म्हणाला, "आणि दिसत होतंच तसं, कुकरसारखं."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, तशीच उभी राहिले. ती छोटी मुलगी अजून बघत होती. मी करडं हेल्मेट कपाटात जागेवर ठेवलं, जांभळं घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि तिच्याकडे वळून मान जोरात हलवली. ती खिदळली. नवराही हसला, मोठ्याने, रॅकेटवाले वळून बघतील इतका. मी त्याला हसू दिलं.

काउंटरकडे जाताना त्याने जांभळं हेल्मेट माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि सवयीने माझ्यासमोर धरलं. "वास सांग."

मी नाक आत घातलं. "नव्या रबरी चपलेचा. थोडा गोंदाचा. आणि," मी म्हणाले, "इतका वेळ घालून बसले ना, त्यामुळे आता माझ्या तेलाचा."

"तो नको सांगूस," तो म्हणाला. "तो मला पाठ आहे."