हरलेल्या डावातला हत्ती

हरत आलेला डाव सोडून देणं मला जमत नाही. हरण्याचं दुःख फारसं नसतं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं त्याचा भयंकर राग येतो. ते समाधान मी सर्वांत जास्त पाहिलं आमच्या पारोळ्यातल्या कापडवाल्या शेठजींच्या चेहऱ्यावर. माझं औषधांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांच्या गादीवर आमचा बुद्धिबळाचा पट पडायचा.

त्या गादीचे कायदे वेगळे. नुसती मात केली तर कोणी वाहवा करत नसे. आधी समोरच्याची सगळी मोहरी खायची, राजा नागवा करायचा, मग मात. या हावरटपणात कधी राजाची कोंडी व्हायची, म्हणजे शह नाही, पण हलायलाही जागा नाही. बाहेर अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. गादीवर मात्र शेठजी हसत हसत शेवटची खेळी मागे घेत आणि दुसरी करत. मी कितीदा तरी भांडले, पण गादी त्यांची होती.

यंदा जळगावला जिल्ह्याचा संघ निवडायची स्पर्धा होती. शेठजींच्याच गाडीतून गेलो आणि शेवटच्या फेरीत आमचीच गाठ पडली. त्यांची जागा पक्की झाली होती. मला संघात जायला अर्धा गुण हवा होता, म्हणजे निदान बरोबरी. त्यांनी मला धुऊन काढलं. वजीर गेला, घोडे गेले. उरला कोपऱ्यात अडकलेला राजा, त्यांच्या प्याद्यापुढे अडलेलं एक प्यादं आणि एक हत्ती.

"आते काय शे तुनाजोडे? बठ्ठं ते संपनं," ते अहिराणीत पुटपुटले, म्हणजे माझ्याकडे आता उरलंय काय, सगळं संपलं. पंचांनी डोळे वटारले.

मी पटाकडे पुन्हा नीट पाहिलं. राजाला घर नव्हतं, प्याद्याला वाट नव्हती. हलणारा तेवढा हत्ती. तो मेला तर माझ्याकडे खेळीच उरणार नव्हती! मी हत्ती उचलला आणि थेट त्यांच्या राजाला खेटून ठेवला. शह. राजा बाजूला सरकवला असता तर माझं काही खरं नव्हतं. पण फुकटचा हत्ती दिसल्यावर शेठजी थांबतात होय! त्यांनी तो राजाने खाल्ला आणि खुशीत बाजूला ठेवला.

मग पट बघून ते चमकले, आणि सवयीने हात खेळी मागे घ्यायला गेला.

"मागे नाही. डाव बरोबरीत," पंच म्हणाले. मी ओरडलेच, सभ्यपणा गेला चुलीत. संघात माझं नाव लागलं होतं.

परतताना एरंडोल आलं. शेठजी समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाले, "आतेपाईन गादीवर खेळी मांगे लेवानी नही."

इतकी वर्षं भांडून मला जे मिळालं नव्हतं, ते एका मेलेल्या हत्तीने मिळवून दिलं.