मंगलताईंची बावीस षटकं

फोन दादांचाच होता. "शैला, मंगल गेली," एवढंच म्हणाले, आणि मग पलीकडून नुसता विहिरीवरच्या पंपाचा आवाज येत राहिला... मंगलताई माझ्या थोरल्या जाऊ, दादा थोरले दीर. निफाडजवळच्या द्राक्षबागेतल्या घरात आम्ही दोघींनी पंधरा वर्षं एकत्र काढली. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही नाशिकला आलो, त्या तिथेच राहिल्या. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना होईल.

ताई नाशिकच्या. कॉलेजात त्या क्रिकेट खेळायच्या, फिरकी टाकायच्या, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या भावाकडून. सासरी तो विषयच नव्हता. आमचं घर वाईट होतं असं नाही. कुणी हात उगारला नाही, खाण्यापिण्याला कमी पडलं नाही. पण उंबऱ्याबाहेर पडायला कारण लागायचं, आणि ते कारण पुरुषांना पटावं लागायचं. माहेर एसटीने तासाभरावर, पण ताईंना तिथं जायला तीन-तीन महिने मिळत नसत. सासूबाईंचे गुडघे, छाटणीची माणसं, डबे, पाहुणे... नव्वदच्या दशकात मुलींचे सामने टीव्हीवर क्वचितच दिसत. पेपरात खेळाच्या पानावर तळाशी दोन ओळी यायच्या. त्या ओळी ताई पोळ्या लाटता लाटता मला वाचायला लावायच्या.

"विकेट कुणी काढल्या ते नाही दिलं?"

"नाही ताई."

"मग दिलंय काय मेल्यांनी!"

एकदा म्हणाल्या, "शैला, एकदा मैदानात बसून बघायचंय गं. कुणाचा डबा भरायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. नुसतं बसायचं."

दोन हजार पाच साली आमच्या भागातल्या बागायतदारांचा अभ्यासदौरा दक्षिण आफ्रिकेला निघाला. माल उतरला होता, एप्रिलची छाटणी लागायची होती. जोडीने चला म्हणाले, म्हणून आम्ही चौघेही निघालो. तिकडे त्याच दिवसांत महिलांचा विश्वचषक आहे, हे घरात एकट्या ताईंना ठाऊक होतं. पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून उघडून पाहिला. दुसऱ्या मिनिटाला दादांनी चौघांचे पासपोर्ट आपल्या पाऊचमध्ये घातले, ते परत येईपर्यंत तिथेच राहिले. आठ दिवस बस एका बागेतून दुसऱ्या बागेत जात राहिली. पुरुष खाली उतरून वेलींचे मांडव बघायचे, आम्ही बायका मागच्या सीटवर बसून खिडकीतून तेच बघायचो. एवढं लांब येऊनही आम्ही बागेतच होतो.

शेवटच्या दिवशी मुक्काम प्रिटोरियाला होता. पुरुष फवारणीची यंत्रं बघायला जाणार, बायका खरेदीला. नाश्त्याला ताई एकदम म्हणाल्या, "मला आज मॅच बघायचीय. आपल्या मुली खेळतायत. मैदान इथून जवळ आहे."

दादा हसले. "बायांच्या मॅचमध्ये काय बघायचं?"

"मी आठ दिवस द्राक्षं बघितली की."

"नाय म्हटलं ना. परका मुलूख हाय. हरवली-बिरवलीस तर? संध्याकाळी विमान हाय."

दुकानांच्या त्या भल्यामोठ्या इमारतीत बाकीच्या बायका पर्स बघत होत्या आणि ताई काचेच्या दाराशी उभ्या होत्या. मग वळून म्हणाल्या, "बस चारला येणार. आत्ता सव्वा वाजलाय. मी चालले. येतेस?"

मी म्हणाले, "चला."

टॅक्सीवाला तिथल्या भारतीय वस्तीतला म्हातारा होता, मोडकंतोडकं हिंदी बोलत होता. मैदानात गर्दी अशी नव्हतीच. आम्ही थेट सीमारेषेच्या दोराजवळ गवतावर जाऊन बसलो. दुसरा डाव नुकताच सुरू झाला होता, आपल्या मुली क्षेत्ररक्षण करत होत्या. पहिली विकेट पडली आणि ताई ओरडल्या, "शाब्बास गं पोरी!" पंधरा वर्षांत त्या घरात मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. दोराजवळ उभी असलेली मुलगी चमकून वळली. "मराठी? कुठून आलात?"

"नाशिकहून."

"आमच्यासाठी?"

दोन चेंडू गेले, तेव्हा ताई म्हणाल्या, "हो. फक्त तुमच्यासाठी."

बाविसावं षटक संपलं तसं मी घड्याळ दाखवलं. "अजून एक बघू?" ताई म्हणाल्या, आणि स्वतःच उठल्या.

वाटेत रस्ता तुंबला. पोहोचलो तेव्हा सगळी बस आमच्यासाठी खोळंबलेली, दादा दारात. त्यांनी ताईंना नाही, मला विचारलं, "कुठे होता?" सगळे बघत होते. मी म्हणाले, "ताईंनी नेलं. मी नकोच म्हणत होते."

ताईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हो, मीच नेलं."

दादा त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. ताईंचा पासपोर्ट जमिनीच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात गेला. नाशिकला, माहेरी येणंही आणखी कमी झालं, कारण दादांचं एकच, "तिला मोकळं सोडलं की काय करते, बघितलं ना." मला कुणी काही बोललं नाही. मी पुढे नवऱ्याबरोबर सिंगापूरही बघून आले. ताईंनी त्या वाक्याचा विषय कधी काढला नाही, आणि मला त्यातून सुटता आलं नाही. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा माफी मागेन... आणि फराळाचा डबा घेऊन परत यायचे.

तेराव्यानंतर दादा पडवीत एकटे होते. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मलाही जायचं होतं. मी आपण होऊन गेले."

ते म्हणाले, "मंगल कधी बोलली नाय."

"नाही."

"मॅच कशी झाली?" त्यांनी विचारलं. चार वर्षांनी. आठवलं तेवढं सांगितलं, दोराजवळच्या मुलीचंही. सगळं ऐकून म्हणाले, "आन् पुढं?"

"पुढचं नाही बघितलं. बस होती ना."

ते उठून बागेकडे गेले.

मी आत स्वयंपाक करायला गेले. ताईंची एक सवय होती. चिरायला घेतलेला कांदा आधी बोटांत धरून, मनगट वळवून गरगर फिरवत वर उडवायचा आणि झेलायचा. का कोण जाणे, मीही तसं करून पाहिलं. कांदा हातातून निसटून ओट्याखाली गेला. ताईंची सून वाकली, तिने तो उचलला. या पोरीला घरात येऊन दोन वर्षंही झाली नाहीत.

"असं नाही काकू," ती हलकेच म्हणाली. "चेंडूची शिवण इथं आहे असं समजायचं, पहिलं बोट त्यावर ठेवायचं. आईंनी शिकवलंय मला."

आणि तिने मनगट वळवलं.