हात जोडले म्हणजे गुन्हा कबूल केला का?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ थायलंडमध्ये पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग शिकवतो. परवा एक जर्मन बाई पाण्याखाली घाबरली आणि त्याचा हात झटकून झपकन वर आली. तिच्या फुप्फुसांना इजा झालीये, अजून शुद्धीवर नाही. भावाचा पासपोर्ट पोलिसांकडे आहे. कंपनी म्हणते, तू कंत्राटी आहेस, तुझं तू बघ.

आज सकाळी आमच्या शहरातल्या पर्वत पाटिया भागात एका गुजराती वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "बेन, आ मारा हाथनी वात नथी, माझ्या हातात काही नाही. घटना तिथल्या समुद्रातली, म्हणजे कायदा आणि कोर्टही तिथलंच. तिथला वकील मिळेपर्यंत भावाला म्हणावं, 'चूक झाली' असं कुणापुढे बोलू नकोस."

धावत नवागामला घरी आले, तर आई आधीच त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर. "भाऊ, त्या बाईना नवराना पाय धर, माफी मांग!"

तो रडायलाच लागला. "मांगी ना माय!" बोटीवरच त्याने नवऱ्यापुढे हात जोडले होते, "सॉरी, माझी चूक झाली" म्हणाला होता. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. तो व्हिडिओ आता पोलिसांकडे आहे.

आमच्यात कुणावर असं संकट आलं की आधी हात जोडतात, चूक कुणाची ते नंतर बघतात. हेच शिकवून पाठवलं होतं त्याला.

तिथला वकील कुणाच्या ओळखीत आहे का हो? आणि आईला काय सांगू? बंद फोनसमोर ती अजून हात जोडून बसलीये.