नग क्रमांक एक

आमचा संसार ट्रकनं जबलपूरहून अमरावतीला आणताना मी एकच चूक केली, पण ती अत्यंत पद्धतशीरपणे केली.

छप्पन साली प्रांतांची नवी वाटणी झाली आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं. मी तेव्हा जबलपूरच्या शाळेत भूमिती शिकवत होतो. मूळच्या वऱ्हाडातल्या नोकरदारांना विचारणा झाली, इकडे राहता की तिकडे जाता? तो कागद मी घरी नेऊन बायकोच्या, सुशीलेच्या, हातात दिला. तिनं तो वाचलासुद्धा नाही. ती उठली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लागली.

तिचं बरोबरच होतं. लग्न होऊन अमरावतीजवळच्या नांदगाव खंडेश्वरहून ती जबलपूरला आली तेव्हा मी तिला सांगितलं होतं की वर्षभराचाच प्रश्न आहे. त्याला नऊ वर्षं झाली होती. शेजारणी तिच्या बोलण्याला हसत. (तिची हिंदी म्हणजे वऱ्हाडीच, फक्त जरा मोठ्यानं.) मग तिनं बाहेर बोलणंच कमी केलं आणि मनातलं सगळं देवांशी बोलू लागली. सकाळी पूजेच्या वेळी आतून आवाज यायचा, "तुमाले तरी करमते का जी इथं?" मी बाहेर वह्या तपासत असलो तर त्या दिवशी एखाद्या ढ मुलाला उगाच दोन मार्क जास्त पडत.

अमरावतीला राजापेठेत दोन खोल्या मिळाल्या. अडचण एकच होती. मार्गशीर्ष संपत आला होता आणि पौषात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, आधी देव आणि त्यांच्या मागून माणसं घरात गेली पाहिजेत. ते चुकलं तर महिनाभर अकोल्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायचं. अक्का मनानं फार चांगली, पण तिच्या घरात तिच्याखेरीज कुणाला मत नसे. सुशीला एवढंच म्हणाली, "आता दुसऱ्याच्या घरी नाही राहाची मी. एक दिवस बी नाही."

ट्रक मिळाला तो पातूरच्या नामदेवचा. तो सरकीची पोती घेऊन जबलपूरला आला होता आणि रिकामाच परत निघाला होता. सामान भरायचं काम मी कुणावर सोपवणार? वहीत आकृती काढली, बेचाळीस नगांना नंबर दिले. नग क्रमांक एक, अर्थातच, देवघर. मानाप्रमाणे देव सगळ्यांच्या आधी चढले. केबिनच्या पाठीशी, अगदी आत, पूर्वेकडे तोंड करून त्यांना बसवलं. (पहिल्याच वळणाला ते पश्चिमेकडे पाहू लागले, पण त्याला आकृतीत उपाय नव्हता.) देवांना धक्का लागू नये म्हणून घरातली प्रत्येक गादी, रजई आणि चादर त्यांच्याभोवती खच्चून भरली. त्यापुढे पलंग, कपाट, जातं, पाटा-वरवंटा, ट्रंका. नामदेव काहीतरी बोलणार होता. मी त्याला म्हटलं, तू गाडी हाक, रचनेचं माझ्याकडे राहू दे.

पहिला मुक्काम सिवनीला. सातपुड्यातली डिसेंबरची थंडी म्हणजे काय चीज आहे ते तिथं कळलं. धर्मशाळेत शिरताना सुशीला म्हणाली, रजया काढा. मी वही उघडली. रजया नग क्रमांक दोन ते नऊ होत्या, म्हणजे त्यांच्या अंगावर तेहेतीस नग होते. मी वही मिटली. सरकीची रिकामी पोती अंगावर घेऊन आम्ही उजाडेपर्यंत दात वाजवले.

सकाळी शेतांवर हिव पडलं होतं, गवत पांढरं झालं होतं आणि इंजिन गारठून मेल्यासारखं पडलं होतं. नामदेवनं त्याच्याखाली काटक्या पेटवल्या आणि आम्ही तिघंही इंजिनाबरोबर शेकत बसलो.

"मास्तर," तो म्हणाला, "देवायले थंडी वाजत नाही, माणसायले वाजते. तुमी उलटं काहून केलं?"

मी वही बगलेत मारली आणि आणखी काटक्या गोळा करायला उठलो. इंजिन सुरू व्हायला तीन तास लागले. पुढचा मुक्काम नागपूर, तिथंही सकाळी तोच सोहळा. तिसऱ्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी अमरावतीत पोचायचं ते पोचलो तेव्हा दिवस तासाभराचा उरला होता. तिवसा मागं पडल्यापासून सुशीला रस्त्याकडेच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे अशी पाहत होती, जणू ती माहेरची माणसंच होती.

राजापेठेत घरमालकीणबाई कुलूप काढून दारातच उभ्या होत्या. मी डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलेला, तीन दिवसांची दाढी वाढलेली, टुणकन खाली उतरलो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काहो हमाल, मास्तर कुठी राह्यले?"

मी ओळख दिली. मग बाईंनी सरळ प्रश्न केला, "देव कुठी हायेत?"

तेव्हा, आणि फक्त तेव्हा, माझ्या ध्यानात आलं की जो नग पहिल्यांदा चढतो तो शेवटी उतरतो. आणि देव आत गेल्याशिवाय एक वाटीसुद्धा उंबऱ्याआड जाणार नव्हती.

मग आमचा सगळा संसार राजापेठेच्या रस्त्यावर उतरू लागला. शेजारपाजारचे धावून आले. कपाटाच्या आरशात येणारे जाणारे भांग पाडून गेले. एका ट्रंकेचं झाकण निसटून माझी लोकरीची लांब चड्डी जनतेसमोर आली. मी आतून नंबर पुकारत होतो आणि लोक हाताला येईल ते ओढत होते. ऊन भिंतीवरून कौलावर गेलं, कौलावरून लिंबाच्या शेंड्यावर. सुशीला दारासमोर जात्यावर बसली होती. ती लिंबाकडे पाहत नव्हती, फक्त दाराकडे पाहत होती.

पलंग आडवा अडकला तेव्हा मी त्याच्या पलीकडे होतो. रजयांच्या ढिगातून देवघर ओढून छातीशी धरलं खरं, पण पलंग मागंही जाईना आणि पुढंही येईना. नामदेव बाहेरून ओढत होता, मी आतून कोपरानं ढकलत होतो. पलंगाच्या पट्ट्यांमधून मला एवढंच दिसलं की शेंड्यावरचं ऊन आता बोटभर उरलंय आणि सुशीला उठून उभी राहिलीय. ती दाराकडे चालू लागली. घरमालकीणबाई आडव्या आल्या, "अवं, देवाच्या आंधी घरात शिरतं काय?"

ही बाई नऊ वर्षांत एकही दिवस पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. तिनं मान वळवून ट्रककडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली,

"देव मांगून येतीन. नऊ वर्सं मी वाट पायली. त्यायनं घडीभर पायली तं काय बिघडते?"

आणि ती आत गेली.

मी ट्रकमध्ये, अंधारात, देवघर कवटाळून उभा होतो. आजवर तिनं माझ्याजवळ तक्रार केली नव्हती म्हणून तक्रार नव्हतीच, असं मी सोयीनं समजत आलो होतो. मला रडू आलं. डोळे पोत्यालाच पुसले. (सरकीचं पोतं फार टोचतं.)

पलंग सुटला तेव्हा दिवेलागण झाली होती. देव आणि मी, दोघंही खाली मान घालूनच घरात शिरलो. तो पौष काय, पुढचे कितीतरी पौष त्या घरात सुखाचे गेले.

सुशीलेला जाऊन आता चार वर्षं झाली. याही खेपेला ती पुढं निघून गेली, आणि देव नि मी मागं अडकून पडलो. पूजा हल्ली मीच करतो. कधी कधी जीव फार उतावीळ होतो, मग आंघोळ घालता घालता मी देवांची समजूत काढतो, की बाबांनो, सामान माझ्या हातचं भरलेलं आहे, आपल्याला वेळ लागणारच.