वन्संचं थोडं

मास्तरीणबाईंनी उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतला फरक सांगताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "अ असला तर भांड्यात थोडं दूध आहे. अ नसला तर भांडं घासायला टाका." मुलं हसायची, पण विसरायची नाहीत. विसरलं कोण, तर खुद्द बाई. तेही कुठे, तर दवाखान्यात, नणंदेच्या उशाशी.

नणंदेचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. वन्संना इंग्रजीचा गंध नाही, डॉक्टरांना आपल्या भाषेचा नाही, मधे बाई. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? वन्सं म्हणाल्या, "थोडं."

आता वन्संचं थोडं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच! दारात बोट चेंगरून नख उचकटलं, तेव्हाही वन्सं "थोडं लागलंय" म्हणत धुणं वाळत घालत होत्या. पण बाईंची रात्र खुर्चीत गेली होती, पाठीचा काटा ढिला झाला होता आणि कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं. "शी हॅज लिटल पेन," असं पुटपुटून त्या मोकळ्या झाल्या. डॉक्टर खूश झाले.

बाई घरी गेल्या, जेवल्या, गाढ झोपल्या. संध्याकाळी येऊन बघतात तो वन्संचा चेहरा पांढराफटक, चादर मुठीत आवळलेली. दुखण्याचं इंजेक्शन दिलंच नव्हतं. बाई तावातावाने नर्सला जाब विचारायला गेल्या.

"तुम्हीच सांगितलंत ना, दुखणं जवळजवळ नाहीच म्हणून?" नर्स इंग्रजीत म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केलं."

बाई जागच्या जागी गार पडल्या. ध चा मा म्हणतात तो हाच. पण खरी लाज वाटली ती गिळलेल्या 'अ'ची नव्हे. तो लावला असता तरी ते खोटंच होतं, आणि हे त्यांना सकाळीही कळत होतं. घरी जायची घाई होती, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

डॉक्टर आले. चूक माझी, असं बाईंनी त्यांना सरळ सांगितलं. मग नणंदेकडे वळून विचारलं, "वन्सं, किती दुखतंय?"

"थोडं."

"अ लॉट," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "अ ग्रेट डील. व्हेरी, व्हेरी बॅड."

इंजेक्शन टोचलं गेलं. जरा वेळाने वन्संच्या मुठी सुटल्या. "मी एक शब्द बोलले, आणि तू एवढी पोथी काय वाचलीस गं?"

"तुमचं थोडं सांगितलं."

"मग सकाळी काय सांगितलं होतंस?"

बाईंना मान वर करवेना. "सकाळी माझं सांगितलं, वन्सं. मला घरी जायचं होतं."

वन्संनी सलाइनच्या सुईचा हात सांभाळत दुसऱ्या हाताने बाईंचं मनगट धरलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "थोडंच दुखलं."